तारण ठेवलेला मुलगा

आंबेजोगाई म्हटले की जिल्ह्याबाहेरच्या माणसाला योगेश्वरी आठवते. कोकणातली कितीतरी घराणी कुलदेवतेच्या दर्शनासाठी घाट चढून एवढ्या लांब येतात. मराठीचा अभ्यासक असेल तर त्याला मुकुंदराज आठवतात. देवीची ओटी भरून होते, मुकुंदराजांच्या समाधीकडची दरी पाहून होते आणि पाहुणे परतीच्या गाडीत बसतात. याच गावात चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर एक अख्खा ग्रंथ लिहून ठेवला, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

तो माणूस म्हणजे दासोपंत आणि ते कापड म्हणजे त्यांची पासोडी. पासोडी हा शब्द आता नातवंडांना समजावून सांगावा लागतो. जाडेभरडे, दुहेरी, थंडीत अंगावर ओढून घ्यायचे सुती पांघरूण म्हणजे पासोडी. शेतकऱ्याच्या खांद्यावर असायची, गाडीवानाच्या उशाला असायची. राजदरबारात तिला जागा नव्हती. अशा कापडावर वेदान्त लिहावा, त्यात आकृत्या काढाव्यात, असे ज्याला वाटले त्याच्या आयुष्याची सुरुवात मात्र एका राजदरबारातच झाली होती. तीही सन्मानाने नव्हे, ओलीस म्हणून.

धर्म, सत्ता आणि कला यांचा एकत्र विषय निघाला की आपण सुशिक्षित माणसे लगेच युरोपकडे पाहतो. रोमचे पोप, त्यांनी चित्रकारांकडून रंगवून घेतलेली छते, राजांनी बांधलेली चर्चे, असे सगळे डोळ्यांपुढे येते. ते पाहण्यासारखे आहेच. पण या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात कशा एकमेकींना भिडतात हे समजून घ्यायला बीड जिल्ह्याची वेस ओलांडण्याची गरज नाही.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मधला, म्हणजे इ.स. १५५१ चा. भाद्रपद वद्य अष्टमी ही तिथी. गाव बेदर राज्यातले नारायणपेठ. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. घराणे देशपांड्यांचे. आज देशपांडे हे केवळ आडनाव उरले आहे. तेव्हा ते काम होते. परगण्याच्या जमाबंदीचे कागद देशपांड्याने ठेवायचे, कोणत्या गावाकडून किती येणे आहे, किती आले, किती तुंबले याचा हिशेब त्याने द्यायचा. पीक बुडो, पाऊस न येवो, सरकारी खजिन्यात भरणा वेळेवर पोचला पाहिजे. वसूल कमी पडला तर आधी त्याच्या दारात शिपाई यायचे. म्हणजे दासोपंत वाढले ते वह्या, बाकी आणि भरण्याच्या तारखांच्या घरात.

त्या वेळी बेदरला बरीदशाही होती. बहामनी राज्याचे पाच तुकडे झाले, त्यांतले हे एक लहान राज्य. अली बरीद हा १५४२ ते १५८० पर्यंत तिथे राज्य करीत होता. माणूस रसिक होता. बेदरच्या किल्ल्यातला रंगीन महाल आजही पाहायला मिळतो. काळ्या दगडात शिंपल्याचे चमकते तुकडे बसवून केलेले काम पाहून डोळे निवतात. आपली कबरही त्याने हयातीतच बांधून घेतली आणि तिच्यावर फारसी सूफी कवी अत्तारच्या रचना कोरवून घेतल्या. १५६५ मध्ये तालिकोटच्या रणात विजयनगरविरुद्ध जे सुलतान एकत्र आले, त्यांत तोही होता. आता महाल असो, कबर असो की लढाई, पैसा लागतोच. आणि तो परगण्यांतूनच यायचा.

याच सुमारास दिगंबरपंतांच्या मुलखात दुष्काळ पडला. पुढे काय झाले ते दासोपंतांच्या चरित्रकारांनी परंपरेने सांगितले आहे. दिगंबरपंतांनी सरकारी धान्याची कोठारे उघडली आणि भुकेल्या रयतेला धान्य वाटून टाकले. माणसे जगली; बाकी मात्र थकली. बेदरहून बोलावणे आले. दिगंबरपंत दरबारात गेले तेव्हा सोबत सोळा वर्षांच्या आसपासचा, नुकतेच लग्न झालेला, देखणा आणि हुशार मुलगा होता. बादशहाची नजर त्याच्यावर गेली. हुकूम झाला की मुलगा इथे राहील. महिनाभरात थकबाकी भरली तर घेऊन जा. नाही भरली तर तो आमच्या धर्मात येईल आणि आमचाच होईल.

या लेखकाची हयात बँकेत गेली. कर्जाच्या कागदांवर सह्या करताना तारण हा शब्द दिवसातून दहादा यायचा. शेत, घर, दागिने, पंपसेट, म्हशी यांचे तारण पाहिले. ही कथा वाचताना मला वाटते ते असे की इथे तारण एक मुलगा आहे, आणि जप्तीत जायचा आहे तो त्याचा देह नव्हे तर त्याचा देव. ही कथा सांगताना ती दोन धर्मांच्या भांडणाची म्हणून सांगण्याची सवय आपल्याला आहे. पण नीट पाहिले तर मूळ तंटा वसुलीचा आहे. त्याच दख्खनमध्ये हिंदू देशपांडे आणि देशमुख सुलतानांचा कारभार पाहत होते. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी होते आणि निष्ठावंत दत्तभक्तही होते. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा तर सरस्वतीची स्तुती गाणारा निघाला. त्यामुळे दरबाराला त्या मुलाच्या आत्म्याची काळजी लागली होती असे मानणे कठीण आहे. बापाला सर्वांत जास्त कुठे दुखेल हे दरबाराने ओळखले आणि बोट नेमके तिथे ठेवले. सत्ता धर्माला अशी वापरते. श्रद्धा कुणाची खरी, कुणाची खोटी हा तिच्यापुढचा प्रश्नच नसतो. पैसे निघतात की नाही एवढाच असतो.

महिना सरत आला. मुलाला खर्चासाठी दरबारातून रोज काही द्रव्य मिळे आणि तो ते दान करून टाकी, असे सांगतात. त्याच्या मनात दत्ताचा धावा चालला होता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी एक माणूस दरबारात आला. दिगंबरपंतांचा नोकर म्हणून त्याने नाव सांगितले दत्ताजी पाडेवार. त्याने पैशांची थैली रिती केली, सगळी बाकी फेडली, पावती घेतली आणि मुलाला सोडवले. पुढे बापलेकांची गाठ पडली तेव्हा कळले की असा माणूस दिगंबरपंतांनी पाठवलाच नव्हता. त्यांच्याकडे पाठवायला पैसेच कुठे होते?

ही कथा ऐकताच मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतील. तेही बेदरच्याच सत्तेचे अधिकारी. तिथेही दुष्काळ, तिथेही सरकारी कोठारे लुटवली, तिथेही बादशहाचा कोप, आणि शेवटी विठू महार येऊन थैली ओततो. शंकेखोर वाचक म्हणेल की एकच गोष्ट दोन नावांनी सांगितली गेली. असेलही. पण मला दोन्हींतल्या एका बारीक तपशिलाचे नवल वाटते. पाडेवार हा शब्द गावगाड्यातला आहे. गावच्या कामावर नेमलेला महार तो पाडेवार. गावाचा सरकारी भरणा डोक्यावर घेऊन, ऊनपाऊस सोसत, चोरांच्या वाटेने खजिन्यापर्यंत पोचवायचे काम गावोगावी महारच करीत. म्हणजे आपल्या लोकांनी जेव्हा कल्पना केली की देव येऊन कर्ज फेडतो, तेव्हा त्यांनी त्याला सावकाराच्या पगडीत आणले नाही, सरदाराच्या घोड्यावर आणले नाही. वसुलीच्या साखळीत जो सगळ्यांत खाली होता आणि ज्याच्या हाती पैशाची थैली असूनही ज्याचा त्यात छदाम नव्हता, त्याच्या रूपात आणले.

श्रद्धावंतांसाठी तो दत्त होता आणि त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचे मला कारण नाही. माझ्यातल्या कादंबरीकाराला मात्र राहून राहून वाटते की ज्या माणसांनी दुष्काळात दिगंबरपंतांचे धान्य खाल्ले, त्यांनीच तर चिल्लर-खुर्दा गोळा करून कुणा विश्वासू माणसाला बेदरला धाडले नसेल? तसे झाले असेल तरी देव आला नाही, असे म्हणता येणार नाही.

सुटून घरी आलेला मुलगा वडिलांच्या गादीवर बसला असता तर आज त्याचे नाव कुणाला माहीत नसते. पण त्याचे मन घरात लागेना. ज्याने आपल्याला सोडवले तो कोण, हा एकच ध्यास. घरदार, नवी बायको, देशपांडेपण सगळे मागे टाकून तो निघाला आणि दत्ताचे स्थान असलेल्या माहूरला पोचला. तिथे बारा वर्षे साधना केली असे परंपरा सांगते. मग गोदावरीकाठचे राक्षसभुवन. १७६३ च्या पेशवे-निजाम लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात आलेले हे आपल्या जिल्ह्यातले गाव त्याआधी दोनशे वर्षे या तरुणाच्या पायांखालून गेले होते. तिथल्या वाळूत त्याला दत्ताच्या पादुका मिळाल्या, अशी श्रद्धा आहे. शेवटी तो आंबेजोगाईला आला आणि तिथलाच झाला. गावातल्या सीतोपंत देशपांड्यांनी त्याला आश्रय दिला असे सांगतात. दुरावलेले कुटुंबही पुढे जवळ आले. त्यांचा वंश आंबेजोगाईतच वाढला.

आणि मग दासोपंत लिहायला बसले. किती लिहिले? गीतेवरच्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या परंपरेने सव्वा लाख सांगितल्या जातात. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आकड्याचा अंदाज येतो. शिवाय ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’, ‘पदार्णव’ आणि कितीतरी. सव्वा लाख हा आकडा भक्तीचा समजून कुणी हसेल. मी हिशेब करून पाहिला. तीस वर्षे रोज नेमाने लिहिले तर दिवसाला साडेअकरा ओव्या पडतात. नेम असेल तर हे अशक्य नाही. त्यांना लिहायला रोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आठवण गावाने जपली आहे. मला या आठवणीचा भरवसा वाटतो. चमत्कार रचणारा माणूस शाईचा खर्च सांगत बसत नाही.

पण शाईचे समुद्र लिहूनही दासोपंत ओळखले जातात ते पासोडीमुळे. तिच्यावर सुमारे १६०० ओव्या आहेत आणि विषय पंचीकरणाचा. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच तत्त्वे एकमेकांत मिसळून जग आणि देह कसे घडतात, याचा हा वेदान्तातला विचार. ऐकायला अवघड वाटते, पण मुळात ही वाटणी आहे. प्रत्येक तत्त्वाचे दोन भाग करायचे. एक अर्धा भाग त्याने स्वतःपाशी ठेवायचा. उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे करून बाकीच्या चौघांना एकेक द्यायचा. म्हणजे जगातल्या कोणत्याही वस्तूत अर्धे आपले आणि अर्धे इतर चौघांचे. मातीत पाणी आहे, पाण्यात अग्नी आहे. पूर्णपणे स्वतःचे असे कुणापाशीच काही नाही.

देशपांड्यांच्या घरात हिशेबाचे तक्ते पाहत वाढलेल्या मुलाला हा विषय भावावा यात नवल नाही. त्याने तो नुसता ओव्यांत सांगितला नाही, तर कापडावर आकृत्यांची मांडणी करून दाखवला. कागद मिळत नव्हता असेही नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनत होता आणि दासोपंतांच्या पोथ्या कागदावरच आहेत. तरी कापड का घेतले? माझा तर्क असा की पोथी एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. पण चाळीस फूट कापड पसरले की पन्नास माणसे एकाच वेळी पाहू शकतात. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही बोट धरून नेता येते. ही शिकवण्याची सोय होती. वडिलांनी कोठार उघडले होते. मुलाने आपले कोठार असे उघडले.

आता जरा त्याच काळातल्या युरोपात डोकावू. दासोपंत चार वर्षांचे होते तेव्हा, १५५५ मध्ये, जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात तह झाला. त्याचा अर्थ पुढे असा रूढ झाला की जो ज्या मुलखाचा राजा, त्याचाच पंथ त्या मुलखाचा. ज्याला तो मान्य नसेल त्याने चंबूगबाळे आवरून दुसरीकडे जावे. बेदरच्या दरबारात एका मुलापुढे जे टाकले गेले होते, ते तिथे मुलखाच्या मुलखांपुढे टाकले गेले. पुढे १५७३ मध्ये व्हेनिसचा थोर चित्रकार व्हेरोनेझे याला धर्मन्यायालयापुढे उभे राहावे लागले. एका मठाच्या भोजनगृहासाठी त्याने येशूच्या शेवटच्या भोजनाचे चित्र काढले होते. त्यात विदूषक, बुटके आणि जर्मन शिपाई कशाला, असा आरोप होता. चित्र तीन महिन्यांत दुरुस्त करण्याचा हुकूम झाला. व्हेरोनेझेने चित्र फारसे न बदलता त्याचे नाव बदलले आणि सुटका करून घेतली. ते चित्रही कापडावरच आहे. लांबी सुमारे ४२ फूट, म्हणजे जवळपास आपल्या पासोडीएवढी. नेमक्या त्याच १५७३ साली आपले एकनाथ काशीत भागवताची टीका पूर्ण करीत होते. ती मराठीत लिहिली म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला, असे परंपरा सांगते. व्हेनिस काय, काशी काय, चित्राला आणि शब्दाला परवाना मागणारे बसलेलेच होते.

दासोपंतांची पासोडी या परवान्यांच्या बाहेर राहिली. ती कुणी मागवली नव्हती, कुणी मोबदला दिला नव्हता, तेव्हा दुरुस्तीचा हुकूमही कुणी काढू शकत नव्हते. पण याची किंमतही होती, ती लपवू नये. व्हेरोनेझेच्या चित्राला मठाची भिंत होती, पुढे संग्रहालय मिळाले. पासोडीला मिळाले देवघर. देवघरात वस्तू सुखरूप राहते, पण तिची पूजा होते, वाचन होत नाही. वर्षानुवर्षे हे कापड आणि त्या पोथ्या वंशजांनी निष्ठेने सांभाळल्या. विसाव्या शतकात राजवाड्यांसारखे संशोधक आले तेव्हा कुठे अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. सुताने सुताचे काम केले. काही भाग विरला. जगाला वाटून टाकण्यासाठी पसरलेले कापड शतकानुशतके घडी घालून राहिले, हे दासोपंतांचे खरे दुर्दैव.

त्यांनी देह ठेवला तो शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीला. पुस्तकांत बहुधा १६१५ साल छापलेले असते, पण माघ महिना म्हटला की इंग्रजी वर्ष बदललेले असते. हिशेबाने ते १६१६ येते. योगायोग पाहा, त्याच १६१६ साली तिकडे गोव्यात, सासष्टीतल्या रायतूरला, फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, अक्षरे रोमन, आणि आत धर्माधिकाऱ्यांचे परवाने. ओवी तीच, भाषा तीच, ईश्वराची ओढही तशीच. एक ग्रंथ परवाना घेऊन छापखान्यातून निघाला, दुसरा एका पांघरुणावर हाताने उतरला. मराठीने दोन्ही आपल्या पोटात घेतले.

आणि बेदरची बरीदशाही? दासोपंत गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १६१९ मध्ये, विजापूरने ती गिळून टाकली. रंगीन महाल उरला, कबर उरली. ती करणाऱ्या कारागिरांच्या हाताला आपण आजही दाद द्यावी. पण ज्या दफ्तरात दिगंबरपंतांची बाकी मांडलेली असेल, ते दफ्तर आज कुठे आहे?

दासोपंतांची समाधी आंबेजोगाईत नदीकाठी आहे. योगेश्वरीला येणाऱ्यांनी परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी थोडी वाकडी वाट करावी. सोबत मुले असतील तर त्यांना सांगावे की इथे एक मुलगा होता, ज्याला एकदा पैशांसाठी गहाण टाकले होते. सुटल्यावर त्याने पुन्हा कुणाची चाकरी केली नाही. मग मुले विचारतील, पैसे कुणी भरले? उत्तर घाईने देऊ नये. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायलाच तो घराबाहेर पडला होता, आणि त्यासाठी त्याला जन्मभर शाई पुरवावी लागली.